अनाथाश्रम की अनाथांचे घर?

युद्धाचे वर्णन करताना इतिहासकार रणांगणांची, तहांची आणि सेनापतींची नावे देतो. मृतांची संख्याही देतो. परंतु तोफा थांबतात त्या दिवशी रस्त्याच्या कडेला जी मुले उभी असतात, त्यांचा हिशेब तहनाम्यात सहसा सापडत नाही. कोणाचा बाप लढाईत पडलेला असतो, कोणाची आई तापाच्या साथीत गेलेली असते, कोणी पळापळीत आईच्या हातातून सुटलेले असते, आणि कोणास तर पोटास घालणे अशक्य झाल्यामुळे घरच्यांनीच सोडून दिलेले असते. अशा मुलांचे पुढे काय करावे, हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीपुढे अनेक पिढ्यांत उभा राहिला. त्यास निरनिराळ्या काळी जी उत्तरे देण्यात आली, त्यांपैकी एका उत्तराची, म्हणजे कुटुंबपद्धतीची, माहिती आमच्या विद्यार्थिवाचकांस करून द्यावी, असे आम्ही योजिले आहे.

अनाथ मूल दाराशी आले की पहिला विचार अन्न, वस्त्र व निवारा यांचा होतो, आणि तो योग्यच आहे. उपाशी मुलास प्रथम भाकरी द्यावी. बोध मागाहून करावा. मुले पाच-दहा असली तर प्रश्न लहान असतो. शेकडो आली म्हणजे मोठी इमारत, एक मोठे स्वयंपाकघर, लांब ओळीने घातलेली अंथरुणे आणि सर्वांस एकदम उठविणारी घंटा, अशी व्यवस्था आपोआप उभी राहते. या व्यवस्थेने असंख्य जीव वाचले आहेत. आपल्या महाराष्ट्रात १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतांतून सुमारे तीनशे मुली केडगावास आणून वाचविल्या, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर अहमदनगरासारख्या ठिकाणी मिशनांनी अनाथ मुलांसाठी गृहे चालविली, हे आपल्या मंडळींस ठाऊकच आहे. तेव्हा मोठ्या अनाथाश्रमाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु भाकरी मिळाल्यानंतर मुलास आणखी काय लागते, हा दुसरा प्रश्न आहे, व कुटुंबपद्धतीचा उगम त्या प्रश्नातच आहे.

ही पद्धती म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. शंभर मुलांचा एक समूह न करता आठ-दहा किंवा फार तर बारा मुलांची लहान लहान घरे करावयाची. प्रत्येक घरास आपले छप्पर, आपली चूल किंवा निदान आपले जेवणाचे टेबल असावयाचे. त्या घरात एक स्त्री, एक पुरुष किंवा एक दांपत्य मुलांबरोबर कायमचे राहावयाचे. पाळीपाळीने येणारे पगारी रखवालदार नव्हेत. घरातील मुले एकाच वयाची नसावीत. मोठ्याने धाकट्याचे बोट धरावे, म्हणून लहानमोठी एकत्र असावीत. सख्ख्या भावंडांची ताटातूट करू नये. आणि घराबाहेर मुलांनी गावातील इतर मुलांप्रमाणेच शाळेत जावे, हुन्नर शिकावा, उपासनेस बसावे. इतक्या साध्या गोष्टी आहेत. परंतु त्या एकत्र जुळवून आणण्यास पुष्कळ काळ लागला.

या पद्धतीच्या आरंभीच्या प्रवर्तकांत योहानेस फाल्क यांचे नाव घ्यावे लागते. त्यांचा जन्म १७६८ साली डांझिग शहरी एका केसांचे टोप करणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. पुढे ते लेखक झाले, आणि १७९७ साली वायमार येथे जाऊन राहिले. वायमार हे गाव लहान, परंतु तेथे गटेसारखे कवी राहत असल्यामुळे त्याची कीर्ती मोठी. फाल्क उपहासपर लेखनाबद्दल प्रसिद्ध होते. अनाथांचा पिता म्हणून त्यांचे नाव होईल, असे त्या वेळी कोणासही वाटले नसते. १८०६ च्या ऑक्टोबरात येना येथे नेपोलियनने प्रशियाच्या सैन्याचा पराभव केला व फ्रेंच शिपाई वायमारमध्ये शिरले. फाल्क यांस फ्रेंच भाषा येत असल्यामुळे त्यांनी दुभाष्याचे काम पत्करून गावकऱ्यांची पुष्कळ संकटे टाळली. परंतु खरी आपत्ती १८१३ साली आली. त्या वर्षी लाइपझिगची प्रचंड लढाई झाली. सैन्याच्या मागोमाग रोग आला, आणि त्या वर्षात फाल्क यांची चार मुले मृत्यू पावली.

ज्या घरात एका वर्षात चार मुलांना मूठमाती दिली गेली, त्या घराने आपले दार लावून घेतले असते तर कोणी नावे ठेविली नसती. फाल्क व त्यांची पत्नी कारोलिने यांनी उलट केले. गावोगाव भटकणारी, भीक मागणारी, चोरीमारीस लागलेली मुले त्यांनी आपल्या घरात घेतली. त्याच साली मित्रांच्या साहाय्याने त्यांनी संकटातील मित्रांची एक संस्था स्थापिली. मुले वाढली तेव्हा सर्वांस एका छपराखाली ठेवणे अशक्य झाले, आणि येथेच फाल्क यांचा विशेष दिसून येतो. त्यांनी मोठी कोठडी बांधिली नाही. मुले त्यांनी सुतार, मोची, शिंपी, शेतकरी अशा भल्या कुटुंबांत हुन्नर शिकण्यासाठी व राहण्यासाठी ठेविली, आणि धर्मशिक्षण व वाचनलेखन यांसाठी त्यांस आपल्याकडे बोलावण्याचा क्रम ठेविला. कुलपे, साखळ्या व छड्या यांवर त्यांचा भरवसा नव्हता. मनुष्यास आतून बांधणारे बंधन हेच टिकते, असे त्यांचे मत होते.

पुढे घरमालकाने त्यांस जागा सोडावयास लाविली, तेव्हा त्यांनी वायमारमधील लूथरहोफ नावाची मोडकळीस आलेली वास्तू मिळविली. ती दुरुस्त करण्याचे काम मजुरांकडून न करविता त्यांनी आपल्याच शिकाऊ मुलांकडून करविले. ज्या मुलांस कोणी घर दिले नव्हते त्यांनी स्वतः घर बांधावे, यातील शिक्षण कोणत्याही पुस्तकी धड्याहून मोठे होते. जर्मनीत नाताळाच्या दिवशी घरोघर जे आनंदगीत आजही गातात, ते फाल्क यांनी या मुलांसाठीच एका इटालियन चालीवर रचिले. इतक्या शोकातून ज्याने आनंदाचे गीत काढिले, त्याची श्रद्धा शब्दांपुरती नव्हती, असे म्हणावयास हरकत नाही. १८२६ साली त्यांचा अंत झाला.

फाल्क यांच्या कार्याने वाट दाखविली. त्या वाटेचा राजमार्ग योहान हाइनरिख विखेर्न यांनी केला. ते हांबुर्गचे राहणारे. १८३३ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, शहराजवळच्या हॉर्न गावी ‘राउहेस हाउस’ नावाच्या एका लहानशा घरात ते आपल्या आईसह राहावयास गेले, आणि शहरातील उनाड व निराधार मुले त्यांनी तेथे घेतली. वर्षअखेर मुले बाराच्या सुमारास झाली. यापुढे संख्या वाढली तेव्हा विखेर्न यांनी तेच घर मोठे केले नाही. दुसरे घर बांधिले, मग तिसरे. प्रत्येक घरात सुमारे बारा मुलांचे एक कुटुंब, आणि त्यांच्याबरोबर जेवणारा, काम करणारा व निजणारा एक तरुण सेवक, ज्यास ते ‘भाऊ’ म्हणत. आवारास तट नव्हता. नवीन मुलगा आला म्हणजे त्याच्या मागील अपराधांची क्षमा झाली आहे, असे त्यास प्रथमच सांगण्यात येई.

१८३९ साली मुले रोज विचारू लागली की, नाताळ केव्हा येणार? तेव्हा विखेर्न यांनी गाडीचे एक जुने चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या बसविल्या; आठवड्याच्या दिवसांस लहान तांबड्या व आगमनकाळाच्या चार रविवारांस मोठ्या पांढऱ्या. रोज एक अधिक मेणबत्ती लागे आणि मुलांस दिवस मोजता येत. आज अनेक मंदिरांत आगमनकाळी जे चार दिव्यांचे वर्तुळ दिसते, त्याचा उगम या अनाथ मुलांच्या चाकात आहे. पुष्कळांस ती एक सुंदर शोभा वाटते. परंतु ज्या मुलास उद्याचा भरवसा नाही, त्यास उद्या नक्की येतो हे डोळ्यांनी दाखविण्याची ती युक्ती होती.

इंग्लंडातही डॉक्टर बर्नार्डो यांनी १८७६ साली बार्किंगसाइड येथे मुलींसाठी लहान लहान घरांचे एक गावच वसविले व प्रत्येक घरी एक ‘आई’ नेमिली. याप्रमाणे पद्धती पसरली. तथापि ती खरोखर आवश्यक आहे की केवळ भावनेची हौस आहे, अशी शंका व्यवहारी माणसे घेत असत. कारण तिला खर्च अधिक आणि माणसे अधिक लागतात. या शंकेस दुसऱ्या महायुद्धाने उत्तर दिले.

१९३९ च्या सप्टेंबरात बॉम्बच्या भीतीने इंग्लंडातील शहरांतून अवघ्या काही दिवसांत सुमारे पंधरा लक्ष माणसे, त्यांत बहुतेक मुले, खेड्यांत हलविण्यात आली. पुढे १९४१ साली लंडनच्या हॅम्पस्टेड भागात अॅना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम या दोन विदुषींनी युद्धामुळे घर मोडलेल्या मुलांसाठी संगोपनगृहे उघडिली. या बाई मिशनच्या नव्हत्या. मनाचे शास्त्र हा त्यांचा विषय होता, म्हणूनच त्यांची साक्ष अधिक मोलाची. त्यांस असे आढळले की, आई जवळ असेल तर लहान मूल बॉम्बचा वर्षावही बऱ्याच अंशी सोसते, परंतु सुरक्षित जागी आईवाचून ठेविले तर खंगते. त्यांच्या गृहात अन्न चांगले, स्वच्छता उत्तम व दाया प्रेमळ होत्या. तरी मुले बोलावयास व शरीराच्या स्वच्छतेच्या सवयी शिकावयास मागे पडत. मग त्यांनी मुलांचे चार-पाचांचे गट केले व प्रत्येक गटास एक ठराविक दाई दिली. लागलीच काय झाले? शांतता झाली नाही. उलट रडारड व मत्सर वाढला. प्रत्येक मूल ‘माझी बाई’ म्हणून तिला धरून बसू लागले, ती खोलीबाहेर गेली तरी आकांत करू लागले. परंतु काही आठवड्यांत हे वादळ ओसरले, आणि पूर्वी जी मुले मागे पडली होती ती झपाट्याने बोलू व शिकू लागली.

याचे कारण समजण्यासारखे आहे. मूल नियमासाठी शिकत नाही. कोणासाठी तरी शिकते. पहिला शब्द ते कोणास तरी हाक मारण्यासाठी उच्चारते. हाक मारावयास ठराविक माणूसच नसेल, आज एक व उद्या दुसरी दाई असेल, तर शब्दांची गरजच उरत नाही. मोठ्या आश्रमातील शांत, आज्ञाधारक मूल पाहून पाहुणे संतुष्ट होतात. पण ती शांतता पुष्कळदा समाधानाची नसते, मागणे सोडून दिल्याची असते. हट्ट करणाऱ्या मुलास हट्ट पुरविणारा कोणी आहे असा विश्वास असतो, हे आम्हां शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

या पद्धतीस कधी कधी प्राणांचे मोलही द्यावे लागले. फ्रान्समधील ल शांबों-सुर-लिन्यों हे डोंगराळ पठारावरील प्रॉटेस्टंट वस्तीचे गाव. १९४० साली फ्रान्स पडल्यानंतर यहुदी कुटुंबांस छावण्यांत कोंडण्यात आले. त्या छावण्यांतून सोडवून आणलेल्या मुलांसाठी या गावात व आसपास अनेक लहान लहान घरे उघडण्यात आली. काही स्विस मदत संस्थेने चालविली, काही इतरांनी. गावचे पाळक आंद्रे त्रोक्मे व त्यांची पत्नी माग्दा यांनी, तसेच शेतकऱ्यांनी, आपली दारे उघडिली. मुले गावातील शाळांत इतर मुलांबरोबर बसत. एकाच मोठ्या इमारतीत न ठेविता विखरून ठेविल्यामुळे शोध घेणाऱ्या पोलिसांस ती सापडणेही कठीण झाले. पाळकसाहेबांचे नातलग दानिएल त्रोक्मे यांच्याकडे अशाच घरांची जबाबदारी होती. १९४३ च्या जूनमध्ये गेस्टापोने त्यांच्या विद्यार्थ्यांबरोबर त्यांसही पकडून नेले, आणि १९४४ च्या एप्रिलमध्ये माइदानेक येथील छावणीत त्यांचा अंत झाला. मुलांचा पिता म्हणविणे सोपे आहे. पकडावयास येतील तेव्हाही मुलांबरोबर असणे हे त्या नात्याचे खरे प्रमाण होय.

येथे एक नाजूक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ल शांबोंच्या मंडळीने भाकरीच्या मोबदल्यात यहुदी मुलांचा धर्म मागितला नाही. ज्याचे आईबाप हिरावले गेले त्याच्याजवळ बहुधा नाव, भाषा व आईने शिकविलेली प्रार्थना एवढीच इस्टेट उरलेली असते. ती राखणे हे पालकाचे कर्तव्य आहे. आमच्या प्रभूने दया करताना अट घातली नाही. शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यातही जखमी माणसास त्याची जात विचारलेली आढळत नाही.

हे सर्व दूरदेशीचे वृत्त आहे असे वाचकांनी समजू नये. सोव्हिएत सरकारने १९४० व १९४१ साली पूर्व पोलंडमधील असंख्य कुटुंबे उचलून सैबेरिया व मध्य आशियात नेली. पुढे १९४२ साली त्यांतील पुष्कळजण इराणमार्गे बाहेर पडले. वाटेत भुकेने व रोगाने अनेक मुले पोरकी झाली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली जामनगराजवळ बालाचडी येथे अशा मुलांसाठी वसाहत उभारिली; तिची व्यवस्था पोलिश धर्मगुरू फादर प्लुटा यांजकडे होती. आपण आता पोरके नाही, हे जामसाहेबांनी त्या मुलांस पटवून दिले, असे तेथे वाढलेल्यांनी वृद्धपणी सांगितले आहे. जामसाहेब हिंदू होते, मुले कॅथलिक होती. पोलंडची राजधानी वॉर्सा येथे आज एका चौकास ‘भल्या महाराजां’चे नाव आहे.

आपल्या कोल्हापूरजवळच वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले. लांबच लांब बराकींचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक कुटुंबास आपली खोली, आपला व्हरांडा व पुढे फुलझाडांस थोडी जागा देण्यात आली होती. शाळा, मंदिर, बालवीरांची पथके, सर्व तेथे होते. बालाचडीची वसाहत १९४६ साली बंद झाल्यावर तेथील मुलेही वळिवड्यास आली. ज्या मुलांस आई नव्हती त्यांस निदान आयांनी भरलेला शेजार मिळाला, हा लाभ लहान नव्हे. पुढे पोलिश मंडळी निघून गेली आणि फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव त्याच जागी येऊन राहिले. आजचे गांधीनगर ते हेच. एका निर्वासिताने सोडलेली चूल दुसऱ्या निर्वासिताने पेटविली, असे या जागेचे वृत्त आहे.

कुटुंबपद्धतीचे गुण सांगितले, आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, ‘आई’, ‘भाऊ’ ही नावे दिल्याने नाते उत्पन्न होत नाही. दर सहा महिन्यांनी ‘आई’ बदलत असेल तर मूल पुनःपुन्हा पोरके होते, आणि ते पहिल्या पोरकेपणाहून वाईट. शिवाय घराचे दार बंद असते. बंद दाराआड दुबळ्यावर जुलूमही होऊ शकतो. म्हणून अशा प्रत्येक घरात बाहेरच्या विश्वासू माणसांची वारंवार ये-जा असावी, व मुलास निर्भयपणे तक्रार सांगता येईल असा कोणी घराबाहेर असावा. दुसरी गोष्ट अशी की, गरिबी म्हणजे अनाथपण नव्हे. ज्या मुलाची आई जिवंत आहे पण हात रिकामा आहे, त्याला आश्रमात घेण्यापेक्षा आईस शिवणाचे यंत्र घेऊन देणे हे बहुधा स्वस्तही पडते व श्रेयस्करही असते. युद्धात हरवलेल्या मुलाचे आप्त आधी कसून शोधावे. न सापडल्यास भले कुटुंब पाहावे. आश्रम हा शेवटचा उपाय समजावा. आपल्या देशाच्या २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही हेच तत्त्व स्वीकारले आहे. जे फाल्क यांनी सुतारामोच्यांच्या घरी मुले ठेवून केले, ते दोनशे वर्षांनी कायद्याच्या भाषेत आले, एवढेच.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही म्हणाल, आम्ही शाळकरी मुले. आम्ही कोठून घरे बांधणार? परंतु युद्ध नसतानाही आपल्या बोर्डिंगांतून अशी काही मुले असतात की, ज्यांस सुटीच्या दिवशी न्यावयास कोणी येत नाही. पेट्या बांधल्या जातात, टांगे व मोटारी येतात, आंगण रिकामे होते, आणि एक-दोन मुले फाटकापर्यंत सर्वांस पोचवून परत फिरतात. त्यांस जेवण मिळते, अंथरूण मिळते. कोणत्याही नियमाचा भंग झालेला नसतो. तरी काय उणे आहे, हे वरील वृत्तांत वाचल्यावर निराळे सांगावयास नको.

यावर उपाय आपल्या हातचा आहे. शाळेच्या अधिकाऱ्यांची व आपल्या वडीलमंडळींची परवानगी घेऊन येत्या नाताळाच्या सुटीत अशा एका सोबत्यास आपल्या घरी न्यावे. पाहुणा म्हणून पाटावर बसवून ठेवू नये. त्यास पाणी भरावयास, दिवे लावावयास, धाकट्यांस सांभाळावयास सांगावे, म्हणजे तो घरचा होतो. आणि मुख्य म्हणजे एकदा नेले तर दुसऱ्या वर्षीही न्यावे, तिसऱ्या वर्षीही न्यावे. ज्यास नेहमी निरोप द्यावा लागला त्यास ‘पुढच्या वर्षी येच’ हे वाक्य फार मोलाचे वाटते, आणि ते खरे करणे हेच कुटुंबपद्धतीचे सार आहे. वायमारच्या त्या शोकाकुल दांपत्यानेही आरंभ एवढाच केला होता: आपल्या टेबलाशी जागा रिकामी झाली होती, ती त्यांनी दुसऱ्याच्या मुलास दिली.